अंतरपाटाच्या कडेला

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून दोन अल्बमची अदलाबदल झाली. एक सांगलीला जायचा होता, दुसरा चिंचवडला. लॅबमधून खोकी आली, पत्ते मीच चिकटवले, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. सांगलीहून फोन आला तो चौथ्या दिवशी. नवरीची आई बोलत होती. "ताई, अल्बम फार छान झालाय हो, पण यात आमची मुलगी कुठं आहे?" मी विचारलं, चार दिवसांनी कळलं? त्या म्हणाल्या, पहिली नऊ पानं बघून शेजारच्या वहिनींनी, जाऊबाईंनी आणि स्वयंपाकाच्या मावशींनी कौतुकसुद्धा केलं होतं. मेहंदीचे हात, खिडकीत टांगलेली शेरवानी, फुलांवर ठेवलेल्या अंगठ्या, आकाशातून दिसणारा हॉल, धुरातून निघालेली पाठमोरी जोडी. दहाव्या पानावर चेहरा आला आणि बिंग फुटलं.

माफी मागितली, अल्बम बदलून दिले, दोन्ही घरची माणसं भली म्हणून हसण्यावारी गेलं. पण देण्याआधी एक रात्र दोन्ही अल्बम माझ्याकडे होते. ते टेबलावर शेजारी शेजारी उघडून बसले. एका घरी दुधाचा धंदा, दुसऱ्या घरी वडील बँकेतून निवृत्त. एकीकडे लग्नानंतर रात्रभर गोंधळ घातलेला, दुसरीकडे सत्यनारायण. बोली वेगळी, जेवण वेगळं, रुसवेफुगवे तर फारच वेगळे. एके ठिकाणी मामा रुसून गाडीत जाऊन बसला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. अल्बममध्ये यातलं काहीही नव्हतं. मजा म्हणजे काम ठरवताना दोन्ही घरांनी मला अगदी तेच सांगितलं होतं: "आम्हाला काहीतरी हटके हवंय."

या पुस्तकातली छायाचित्रं त्या रात्रीनंतरची आहेत. एक सोडून, त्याच्याबद्दल शेवटी.

माझे वडील, अण्णा, वाईत स्टुडिओ चालवत. गणपती घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दहा बाय बाराची खोली, मागे डार्करूम. त्यांच्या काळी हटके म्हणायची कुणाची टाप नव्हती. १२० चा रोल, त्यावर १२ फोटो. एका लग्नाला ३ रोल, म्हणजे ३६. चौथा रोल खिशात असे, पण तो काढायचा की नाही हे मुलीच्या वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून ठरायचं. त्या छत्तिसांची यादी अण्णांनी बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवली होती. मुंडावळ्या बांधलेली नवरी एकटी, गौरीहर पुजताना, अंतरपाट, हार, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, घास भरवताना, विहिणींची पंगत, पाठवणी. उरलेले सगळे आहेराचे, आणि शेवटचा एक नेहमी राखून ठेवलेला: ऐनवेळी उगवणाऱ्या पुढाऱ्यासाठी.

जुने अल्बम जिव्हाळ्याचे आणि आताचे कृत्रिम, असं बोलायची पद्धत आहे. मी ते प्रिंट धुऊन दोरीवर वाळत घालत मोठी झाले, म्हणून सांगते, तेही एकमेकांच्या छापातूनच काढलेले असत. सगळे ताठ, सगळ्यांची नजर लेन्समध्ये, फक्त नवरीची जमिनीकडे. तिनं चुकून वर पाहिलं तर अण्णाच म्हणायचे, "खाली बघ पोरी." म्हणजे लाजरी नवरी ही निम्मी फोटोग्राफरची निर्मिती. तरी त्या फोटोंमध्ये काहीतरी शिल्लक राहायचं, आणि ते अण्णांना टाळता आलं असतं तर त्यांनी टाळलंच असतं. मागं शाळेची भिंत दिसायची आणि तिच्यावर अर्धवट पुसलेला सुविचार. खाली अंथरलेल्या सतरंजीवर तालमीचं नाव रंगवलेलं असायचं, कारण ती मागून आणलेली. कोपऱ्यात कुणाचा तरी पाण्याचा जग धरलेला हात. लग्न घरचं दिसायचं, कारण घरचं किंवा आळीतलं नसलेलं तिथं दुसरं काही नव्हतंच.

छायाचित्रण आपल्याकडे काही उशिरा आलं नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजींचे धाकटे बंधू नारायण दाजी तिच्या पहिल्या सभासदांपैकी एक. पण ही कला सामान्य माणसाच्या मांडवात शिरायला पुढं कितीतरी दशकं लागली, आणि शिरली ती पुरावा म्हणून. लग्न झालं, इतके लोक आले, इतका आहेर झाला. मग व्हिडिओ आला. सनगनच्या उजेडात घामाघूम झालेले पाहुणे आणि मिक्सिंगमध्ये कमळातून उमलणारं नवरा-नवरीचं तोंड, यावर आज आपण हसतो. आजच्या ड्रोनवर आणि स्लो मोशनवर पुढची पिढी हसेल, त्याची मला काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. पूर्वी फोटो लग्नाच्या मागोमाग यायचा. आता लग्न फोटोच्या मागोमाग येतं. नवरी मला साठ स्क्रीनशॉट पाठवते आणि त्या साठांबरहुकूम मांडव, फुलं, साडीचा रंग, नवऱ्याचं हसणं, सगळं ठरतं. फुलांच्या चादरीखालून एन्ट्री, तेच हिंदी गाणं, त्याच कडव्याला कोल्ड पायरोच्या ठिणग्या. एकदा ठिणग्या उशिरा उडाल्या म्हणून नवरीला परत दारापाशी जाऊन पुन्हा चालत यायला लावलं. लावणारी मीच होते.

शेरवानीला किंवा संगीताला माझा विरोध नाही. लग्न ही नेहमीच उधार-उसनवारीची गोष्ट होती. दुसऱ्याच्या घरातली चांगली वस्तू आपल्या मांडवात आणायची हौस पूर्वीही होतीच, नाहीतर ती तालमीची सतरंजी कशाला आली असती? पण सतरंजी परत करताना आईनं तिच्यात लाडू बांधून दिले होते, आणि तालमीतली पोरं वाढपाला होती. भाड्याच्या सजावटीला असली शेपटं नसतात. ती रात्री बारा वाजता टेम्पोत भरली जाते आणि सकाळी दुसऱ्या लग्नात उभी राहते, त्याच फुलांसह.

आता थोडं उजेडाबद्दल, कारण आमच्या धंद्यात सगळं त्याच्याभोवती फिरतं. मांडवाचं कापड लाल-पिवळं असलं की भर दुपारी खाली बसलेला प्रत्येक माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो, त्यात हळद. कॉम्प्युटरवर तो पिवळेपणा काढायला गेलं की हळदही पांढरी पडते. हळदीच्या फोटोत हळद पांढरी! मी बरीच वर्षं तो काढत होते. आता ठेवते. मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटचा उजेड हिरवट, स्टेजवरच्या एलईडी भिंतीचा जांभळा, आणि मधे होमाचा खरा तांबूस. तिन्ही एका चेहऱ्यावर पडले की नवरीचा एक गाल हिरवा आणि एक जांभळा. सजावटवाल्यांना मी एवढंच विनवते की होम चालू असताना ती भिंत बंद करा. दहातले चार ऐकतात. गोरज मुहूर्ताचं लग्न मिळालं, तेही उघड्यावर, तर मात्र मी पैसे कमी घ्यायलाही तयार असते, कारण तेव्हाची दहा-पंधरा मिनिटं आभाळच काम करतं.

आणि अक्षता. कागदावर वाटतं, सेकंदाचा पाचशेवा भाग धरला की हवेतला दाणा न् दाणा गोठेल. गोठतो. पण पाहुणे "सावधान" ऐकून अक्षता टाकतात त्या नवरा-नवरीवर नाही, पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलावर. पुस्तकात असे एक काका आहेत. त्यांनी परवानगी आनंदानं दिली.

सगळ्यात जास्त वेळ मी जिथं काढते ती जागा म्हणजे अंतरपाटाची कड. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. पाट धरणारे दोघे, भटजी आणि कडेला उभी असलेली मी, आम्हा मोजक्यांनाच दोन्ही चेहरे दिसतात. हल्ली ते दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखत असतात, प्री-वेडिंगला कर्जतच्या सेटवर पंधरा पोशाख बदलून आलेले असतात. तरी ते कापड मधे आलं की चेहरे बदलतात. नवरा गळा खाकरतो. नवरी मामाचा हात चाचपते. ती चार-पाच मिनिटं कुणीही माझ्यासाठी हसत नाही.

पाटाच्या कडेला उभं राहूनच मला या पुस्तकातलं सगळ्यात लाडकं छायाचित्र मिळालं. कऱ्हाडजवळच्या एका गावात मुलाच्या आईनं पांढऱ्या कापडाऐवजी गोधडी धरायला लावली. आदल्या पावसाळ्यात तिनं ती स्वतः शिवली होती: वर सासूच्या नऊवारीचं काठपदर, आत होणाऱ्या सुनेच्या आईकडून मागून घेतलेल्या दोन जुन्या साड्या. भटजींनी जरा भुवया उंचावल्या, मग त्यांनीच तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. गोधडी ती गोधडीच, वजनदार. त्यात घरातल्या सहा जणांनी आपापली मंगलाष्टकं रचून आणलेली, आणि आत्याबाईंचं तर चाल सापडेना म्हणून दोनदा सुरू झालं. चौथ्या मंगलाष्टकाला पाट धरणाऱ्या दोन्ही काकांचे हात लटपटायला लागले. गोधडी हळूहळू खाली आली, नवरा-नवरीचे डोळे वेळेआधीच एकमेकांना दिसले, आणि मांडवभर आरडाओरडा झाला, "वर धरा, वर धरा!" माझा शटर तेव्हा सेकंदाच्या तिसाव्या भागावर होता. काकांचे हात हललेले आहेत. लॅबच्या मुलानं विचारलं, हा फोटो काढून टाकू का?

गोधडीची कल्पना माझी नव्हती. असं काही मला सुचतही नाही, आणि सुचलं तरी सांगू नये असं मी ठरवलंय. फोटोग्राफरनं सुचवलेली हटके गोष्ट पुढच्या महिन्यात चार लग्नांत दिसते. मी एवढंच करते: केळवणाला जाते. साखरपुड्याचं काम घेण्याऐवजी मी एक केळवण मागून घेते, कॅमेरा पिशवीत ठेवून. नातेवाइकांच्या घरी ताटाभोवती रांगोळी असते, सगळे एकदम बोलत असतात, आणि तिसऱ्या वाढीला खरी माहिती बाहेर येते. कोण कुणाशी बोलत नाही. कुठल्या आजीला स्टेज चढता येणार नाही. रुखवतात ठेवायला आत्या सहा महिने क्रोशाचं काय विणते आहे, आणि घरचे ते मागच्या रांगेत लपवणार आहेत, कारण पुढं दुकानातून आणलेला थर्मोकोलचा बंगला ठेवायचाय. मग लग्नाच्या दिवशी मी आधी मागची रांग गाठते. मी बाई आहे याचा इथं फायदा होतो. हळद कालवतात त्या खोलीत, चुडा भरतात तिथं, नवरी वेणी घालता घालता एकदम गप्प होते तिथं, पुरुष फोटोग्राफर दारात खोळंबतो. तोटा एवढाच की प्रत्येक घरात कुणीतरी विचारतंच, "ताई, तुमचं झालंय ना?"

हातात अण्णांची यादी असली की माणूस सुरक्षित असतो, हे मला पहिल्यांदा एका सत्यशोधक लग्नात कळलं. तिथं यादीतलं काहीच नव्हतं. कुठं उभं राहावं ते कळेना. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. पुढं जोतीरावांनी मराठीत मंगलाष्टकं लिहिली, ती म्हणायची वधू-वरांनीच, एकमेकांना उद्देशून. विचार म्हणून हे शाळेपासून माहीत होतं. कॅमेऱ्यातून बघताना लक्षात आलं की या लग्नात नवरी खाली बघूच शकत नाही. तिच्या हातात कागद आहे, तिला समोरच्याला काहीतरी बजावायचं आहे, आणि समोरच्याला सगळ्यांदेखत कबूल व्हायचं आहे. अण्णांच्या "खाली बघ पोरी"ला दीडशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन झालं होतं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीनं लागणाऱ्या लग्नांतही थोडं असंच होतं. पुरोहित पुष्कळदा बाई असते, मंत्र म्हणून झाला की त्याचा अर्थ मराठीत सांगते. अर्थ कळला की चेहऱ्यावर काहीतरी उमटतं, कधी कधी शंकासुद्धा. मला शंकेचा फोटो फार आवडतो.

नोंदणी विवाहाचे फोटो काढायला कुणी बोलवत नाही, मी ओळखीच्यांकडे मागून जाते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी ३० दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदार आणि सह्या. एका लग्नात तिसऱ्या साक्षीदाराचा चष्मा घरी राहिला आणि त्यानं नवरीच्या आईचा चष्मा लावून सही केली. बाहेर पायरीवर बसून सगळ्यांनी डब्यातल्या साटोऱ्या खाल्ल्या. अकरा फोटो निघाले, अकराच्या अकरा मी इथं घेतलेत. लाखांनी खर्च झालेल्या लग्नाचे इथं दोन आहेत.

पुस्तकात एक विभाग डहाणूकडचा आहे, आणि त्यात माणसं फार नाहीत. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक काढतात: गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध पालघट देवी. काढणाऱ्या सवाशिणी. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते तीही बाई, धवलेरी, आणि ते गाऊन लावते. रायगड-ठाण्याकडच्या आगऱ्यांच्या धवलारणी याच कुळातल्या, आणि शब्दाचा धागा थेट तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांपर्यंत जातो. पुढं जिव्या सोमा मशे या गंजाडच्या चित्रकारानं ही कला भिंतीवरून कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी मात्र तिथं माझ्या धंद्याच्या डोळ्यानं बघत होते. इथं लग्नाचं चित्र लग्नाच्या आधी निघतं, आणि ते निघाल्याशिवाय लग्नच नाही. साठ स्क्रीनशॉटवाली नवरी आठवली, थोडी ओशाळलेही. फरक शोधत दोन पाड्यांवरचे दोन चौक जवळून पाहिले. आकृती तीच, देवी तीच. एकीकडे चौकटीची रेघ बारीक आणि भराभर ओढलेली, दुसरीकडे जाड, मधेच थांबून पुन्हा सुरू झालेली. विचारलं तर कळलं, काढणाऱ्या बाईचं पोर रडत होतं. कुणीही ती रेघ नीट करायला गेलं नव्हतं.

जे ग्रुप फोटोला नाकं मुरडतात त्यांच्यासाठी एक परिच्छेद. नव्या मुलांना ते काम कमीपणाचं वाटतं. रांगेत उभे केलेले वीस लोक, सगळ्यांचे हात कुठं ठेवावे कळत नाही, एकाचे डोळे मिटलेले. पण स्टुडिओत वाढलेल्या कुणालाही विचारा. वर्षा-दोन वर्षांनी त्या घरातलं कुणीतरी पायऱ्या चढून येतं, रुमालात गुंडाळलेला अल्बम काढतं, ग्रुप फोटोवर बोट ठेवतं आणि म्हणतं, "यातले आजोबा तेवढे काढून मोठे करून द्या. दुसरा चांगला फोटोच नाही." अण्णा अशा वेळी पैशांचं बोलत नसत. मीही बोलत नाही. त्यामुळे मी ग्रुप फोटो मन लावून काढते, म्हाताऱ्यांना रांगेच्या टोकाला ढकलू देत नाही आणि प्रत्येकाचे डोळे उघडेपर्यंत चार वेळा क्लिक करते. या पुस्तकात ग्रुप फोटो बावीस आहेत. प्रकाशकांना ते जास्त वाटले.

नावं आणि गावं बहुतेक ठिकाणी गाळली आहेत. घरच्यांनी तशी अट घातली म्हणून, आणि काही ठिकाणी रुसलेला मामा अजून रुसलेलाच आहे म्हणून.

राहिलं ते पहिलं छायाचित्र. ते माझं नाही, तसं कुणाचंच नाही. अण्णांच्या स्वतःच्या लग्नात फोटो कोण काढणार? त्यांनी आपला यशिका एका मित्राच्या हाती दिला. त्या कॅमेऱ्यात रोल हातानं पुढं सरकवावा लागे, आणि विसरलं तर एकावर एक दोन फोटो उमटत. मित्र विसरला, एकदा नाही, रोलभर. बाकीचे वाया गेले. एक उरला, त्यात मुंडावळ्या बांधलेली माझी आई आहे आणि तिच्या आरपार पंगत बसलेली आहे. तिच्या शालूवर पत्रावळी, कपाळावर वाढप्याचा हात. अण्णांनी तो कुणाला कधी दाखवला नाही, धंद्याची अब्रू जाईल म्हणून. आईनं तो देवघराच्या फळीखाली ठेवला होता. पुस्तकासाठी मागितला तेव्हा तिनं आधी चष्मा पुसला. मग पंगतीतल्या उजवीकडून तिसऱ्या माणसावर नख टेकवून म्हणाली, हे मेणवलीचे तात्या, यांनी चार वेळा जिलबी मागून घेतली आणि शेवटी माझ्या माहेरच्यांना मठ्ठ्यावर भागवावं लागलं.